ब्लो-अप केल्यावर कंडक्टर कसा बदलतो?

एकमितीय स्थानिक वलय (ज्यात एकच महत्तम आयडियल असते असे वलय) र, त्याचे महत्तम आयडियल म आणि म चे ब्लो-अप ब (म च्या एखाद्या घाताला गुणून त्याच घातात ठेवणाऱ्या भागाकारांचे, र पेक्षा मोठे वलय) घेतले असता, र चा कंडक्टर हा ब च्या कंडक्टरला म च्या (इ − १) व्या घाताने गुणून मिळतो, हे प्रतलीय वक्रांचे सूत्र सर्वत्र लागू पडते का, असे आपण विचारले आहे. येथे इ म्हणजे र ची मल्टिप्लिसिटी (वक्र त्या बिंदूतून किती पट जातो ते मोजणारी संख्या), आणि कंडक्टर म्हणजे र च्या इंटिग्रल क्लोजरला गुणून र मध्ये नेणाऱ्या घटकांचे आयडियल. उत्तर नकारार्थी आहे. मात्र सूत्राच्या मुळाशी असलेली समता सर्वत्र खरी आहे, आणि माझ्या मते तीच लक्षात ठेवावी.

र हे इंटिग्रल डोमेन आहे, त्याचे शेष-क्षेत्र अनंत आहे आणि त्याचे इंटिग्रल क्लोजर स (र मधील घटकांच्या भागाकारांपैकी, र मधील सहगुणकांच्या आणि अग्रसहगुणक १ असलेल्या बहुपदीचे मूळ असणारे) हे र वरील फायनाइट मॉड्यूल आहे, असे धरू. (र : स) म्हणजे स ला गुणून र मध्ये नेणाऱ्या घटकांचा संच, म्हणजेच र चा कंडक्टर; इतर अशा कंसांचा अर्थही असाच. ब हे स मध्ये सामावलेले असल्याने ब आणि स यांचा गुणाकार स हाच येतो, आणि म्हणून (र : स) = ((र : ब) : स). यासाठी आणखी कोणतीही अट लागत नाही. आता (र : ब) हे ब मधील एकाच घटकाने, समजा य ने, जनित होत असेल, तर य बाहेर काढता येतो आणि र चा कंडक्टर = य × (ब चा कंडक्टर) असे मिळते. म्हणजे सारा प्रश्न (र : ब) कसे दिसते यावर येऊन ठेपतो.

म मध्ये असा घटक क्ष निवडता येतो की एखाद्या न साठी म चा (न + १) वा घात हा क्ष गुणिले म चा न वा घात असतो. अशा सर्वांत लहान न साठी म चा न वा घात क्ष च्या न व्या घाताने ब मध्ये जनित होतो. तो ब चेही आयडियल असल्यामुळे (र : ब) मध्ये सामावतो. प्रतलीय वक्राच्या बाबतीत न = इ − १ असते आणि हे सामावणे समतेत बदलते.

ट या चलाच्या घातश्रेणींची तीन वलये पाहा, ज्यांचे जनक घातांक अनुक्रमे (४, ५), (४, ५, ६) आणि (४, ५, ७) आहेत. तिन्हींत इ = ४, आणि तिन्हींचे ब्लो-अप म्हणजे ट मधील सर्व घातश्रेणींचे वलय, त्यामुळे ब चा कंडक्टर ब हाच. तरीही र चे कंडक्टर अनुक्रमे ट च्या १२ व्या, ८ व्या आणि ७ व्या घाताने जनित होतात. पहिल्यात तो म चा तिसरा घात आहे. दुसऱ्यात तो म चा दुसरा घात आहे, म्हणजे इ − १ तेथेच चुकले. तिसऱ्यात तो म आणि म चा दुसरा घात यांच्या मध्ये पडतो व म चा कोणताच घात नसतो. पहिली दोन वलये गोरेन्स्टाइन आहेत, म्हणजे त्यांत एक प्रकारची सममिती आहे (सुटलेल्या घातांकांची संख्या अनुक्रमे ६ आणि ४, कंडक्टरच्या घातांकाच्या, म्हणजे १२ आणि ८ च्या, बरोबर निम्मी). तिसऱ्यात १, २, ३, ६ हे चार घातांक सुटतात आणि ७ चे निम्मे ४ होत नाही, म्हणून ते गोरेन्स्टाइन नाही.