सोमवारी काय उघडं असतं

प्रिय मुली,

सलाम आणि आशीर्वाद.

आपल्या लॅटर-डे सेंट्स चर्चच्या मँचेस्टर मिशनचं, म्हणजे तिथे जाऊन धर्मप्रचार करायचं, बोलावणं आल्याचं सांगायला तू फोन केलास, आणि अभिनंदन करून माझा श्वास सरतो न सरतो तोच विचारलंस, "ताई, तिथे फिरायला मिळतं का हो?" मग लगेच ओशाळलीस. "म्हणजे मी त्यासाठी जात नाहीये..." अगं, कळतं मला ते. दीड वर्ष एका मुलखात राहायचं आणि तो डोळे भरून पाहायचा नाही, असा काही नियम नाही. फिरायला मिळतं. पण दिवस, तास, हद्द आणि सोबत, या चारही गोष्टी ठरवणारं दुसरंच कुणीतरी असतं. उरलेली जागा लहान असते आणि ती कशी वापरायची हे मला फार उशिरा कळलं. म्हणून हे पत्र.

आठवड्यातून एक दिवस पी-डे (प्रिपरेशन डे), बहुतेक वेळा सोमवार. नाव 'तयारीचा दिवस', आणि तयारी खरोखरच करावी लागते. आठवड्याचे कपडे धुवायचे, किराणा आणायचा, खोली झाडायची, घरी मेल लिहायचा. संध्याकाळी सहाच्या सुमाराला छातीवर मिशनरीचा नावाचा बिल्ला लावून पुन्हा कामाला. मध्ये उरतात चार-पाच तास. तेही आपल्या नेमून दिलेल्या भागात. बाहेर जायचं तर परवानगी. मंदिराला, म्हणजे आपल्या चर्चच्या खास विधींच्या वास्तूला, जायचा आठवडा असेल तर पी-डे दुसऱ्या वारी सरकतो, कारण सोमवारी मंदिर बंद असतं.

फक्त मंदिरच नाही. इंग्लंडमधली बरीच छोटी संग्रहालयं आणि जुने वाडे सोमवारी बंद असतात. शनिवार-रविवारी लोकांची गर्दी झाली की सोमवारी त्यांचीही सुट्टी. आणि आपली सुट्टी नेमकी तीच! मी पहिले दोन महिने बंद दारांवरच्या पाट्या वाचत हिंडले. मग उलटा विचार सुरू केला: सोमवारी उघडं काय असतं? तटबंदी, टेकड्या, कालव्याकाठच्या पायवाटा, बागा, नदी, बहुतेक कॅथीड्रल. यांची यादी तू जायच्या आधीच करून ठेव. बँक हॉलिडेचे (सार्वजनिक सुट्टीचे) सोमवार तेवढे वेगळे, म्हणजे ईस्टरनंतरचा, मेमधले दोन आणि ऑगस्टअखेरचा. त्या दिवशी बरंच काही उघडतं, पण सारा गाव बाहेर पडलेला असतो आणि बसगाड्या कमी धावतात. जाताना मिळालेली बस येताना मिळेलच असं धरून चालू नकोस.

दुसरी गोष्ट उजेडाची. डिसेंबरात तिथे चारच्या आत सूर्य मावळतो. सकाळी आधी कामं उरकू आणि मग निवांत बाहेर पडू, हा शहाणपणा जूनमध्ये चालतो, तेव्हा रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. हिवाळ्यात आधी बाहेर पड. कपडे अंधारातही धुता येतात.

आता सोबतीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सगळं तिच्यावरच येऊन थांबतं. कम्पॅनियन, म्हणजे जोडीची मिशनरी, तू निवडत नाहीस. ती दिसेल आणि तिचा आवाज ऐकू येईल इतक्या अंतरात चोवीस तास राहायचं. दर सहा आठवड्यांनी ट्रान्सफरची वेळ येते. कधी ती जाते, कधी तू, कधी दोघी तिथेच राहता. तेव्हा 'मला चेस्टर पाहायचंय' या वाक्याला तिथे अर्थ नसतो. 'आपल्याला' म्हणता आलं पाहिजे.

माझी दुसरी कम्पॅनियन अमेरिकेतल्या एका शेतावर वाढलेली. जुन्या दगडांचं तिला काडीचं कौतुक नव्हतं. सोमवारी तिला झोप हवी असे, मला कमानी आणि रंगीत काचा. तीन आठवडे आम्ही एकमेकींशी अतिशय गोड बोलून भांडलो. (मिशनवर भांडण असंच होतं, फार सभ्य, आणि त्यामुळे लांबतं.) शेवटी एक सोमवार तिचा, एक माझा असं ठरलं. तिच्या सोमवारी ती बागेत बाकावर आडवी होई आणि मी शेजारी बसून पत्रं लिही. माझ्या पहिल्या सोमवारी आम्ही परवानगी काढून चेस्टरला गेलो.

चेस्टरची तटबंदी शहराला जवळजवळ पूर्ण वेढा घालते, सुमारे दोन मैल. मूळ किल्ला रोमनांचा, डेवा नावाचा. पुढच्या शतकांनी त्यावर भर घातली. वर चालायला तिकीट नाही, आणि भिंतीला सोमवारची सुट्टीही नाही. मी पाठ करून गेले होते: कुठला बुरूज, कुठलं साल, ईस्टगेटवरचं घड्याळ 1899 चं, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या साठीनिमित्त. हिचं लक्ष मात्र कुत्र्यांकडे. समोरून कुत्रा आला की ही खाली बसायची, नाव विचारायची, शेतावरच्या आपल्या कुत्र्याची गोष्ट सांगायची. माझी चिडचिड होत होती. फेरी संपली तेव्हा मला अकरा साल-सनावळ्या ठाऊक होत्या आणि तिला अकरा कुत्री. शिवाय त्यातल्या दोघांच्या मालकांनी आपण होऊन विचारलं होतं की तुम्ही मुली इथे काय करता. त्या आठवड्यात आम्ही दारं ठोठावून जेवढ्या लोकांशी नीट बोललो नसू, तेवढं बोलणं त्या भिंतीवर झालं, आणि तेही सुट्टीच्या दिवशी. सालं मी आता बरीचशी विसरले आहे. त्यातल्या एका म्हाताऱ्या कुत्र्याचं नाव मात्र लक्षात आहे.

तेव्हा सोबतीण कुठे थांबते, ते बघत जा.

आता चहा. यावर मी एक अख्खं पत्र लिहू शकते. आपल्या चर्चमध्ये चहा पीत नाहीत हे तुला सांगायला नको. पण लँकाशरमध्ये दार उघडलं की पावसात भिजलेल्या दोन मुलींना पाहून माणूस पहिलं वाक्य बोलतो ते चहाचं. त्यावर "नको, आम्ही घेत नाही" म्हणालीस की बोलणं तिथेच आटोपतं. त्याऐवजी लगेच काहीतरी माग: "पाणी चालेल," किंवा "स्क्वॉश असेल तर द्या." स्क्वॉश म्हणजे पाण्यात घालायचं फळाचं सरबत, प्रत्येक घरात असतं. यजमानाला काहीतरी करायला मिळालं पाहिजे, एवढंच.

पण माझी फजिती याहून मोठी. एका आजीबाईंनी आम्हाला दोनदा घरात घेतलं होतं. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, गुरुवारी या, 'टी'ला. मी मोठ्या आत्मविश्वासाने समजावून सांगितलं की आमच्या श्रद्धेत टी बसत नाही, क्षमा करा. त्या गप्प झाल्या. मग "बरं" म्हणाल्या आणि दार लावलं. तीन आठवड्यांनी आमच्या वॉर्डातल्या (चर्चच्या तिथल्या मंडळीतल्या) एका बाईंना हा किस्सा मी अभिमानानेच सांगितला, तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. त्या भागात 'टी' म्हणजे संध्याकाळचं जेवण. दुपारच्या जेवणाला 'डिनर' म्हणतात. आणि नुसता चहा हवा असेल तर 'ब्रू'. म्हणजे एकट्या राहणाऱ्या म्हातारीने जेवायला बोलावलं होतं आणि मी तिला धर्मशास्त्र सांगून आले होते! दुसऱ्याच दिवशी जाऊन माफी मागितली. त्या इतक्या हसल्या की शेजारीण डोकावून गेली. पुढच्या गुरुवारी आम्ही 'टी' घेतला, बटाट्याच्या थराखाली शिजवलेलं मटण. असल्या गोष्टी तुला कुठलीही भाषेची परीक्षा शिकवणार नाही. 'ऑलराइट, लव्ह?' हा प्रश्न नसतो, हेही आत्ताच सांगून ठेवते. मी सुरुवातीला प्रत्येकाला माझ्या तब्येतीची हकिगत सांगत असे.

जागांबद्दल विचारलं होतंस. माझी आवड सांगते, तुझी वेगळी निघेल.

प्रेस्टनला ठेवलं तर रिबल नदीवर जा. ॲव्हेनहॅम पार्कमधून उतरलं की समोरच. 1837 च्या जुलैमध्ये आपल्या चर्चचे पहिले सात मिशनरी अमेरिकेहून लिव्हरपूलला उतरले, आणि 30 जुलैला याच नदीत नऊ जणांचा बाप्तिस्मा झाला. पहिला मान कुणाचा यावरून दोघांनी नदीपर्यंत शर्यत लावली होती. तिथे उभं राहून फार गंभीर व्हायला होतं, मग मला ती शर्यत आठवते आणि बरं वाटतं.

तिथलं बसस्थानकही बघच. हसू नकोस. 1969 मधली ती काँक्रीटची लांबलचक इमारत आहे, वरच्या पार्किंगच्या मजल्यांच्या कडा लाटेसारख्या वळलेल्या. ती पाडायचं जवळजवळ ठरलं होतं. 2013 मध्ये संरक्षित वास्तूंच्या यादीत गेली आणि वाचली. मी तिथे बसची वाट पाहण्यात आयुष्याचे किती तास घालवले असतील! प्रेक्षणीय स्थळ म्हणून नंतर कळलं. आता तिथे बसच्या एका फेरीला जास्तीत जास्त 3 पौंड घेतात, 2025 पासून. तू पोचशील तेव्हा सवलत चालू आहे का ते विचारून घे, कारण तुझा महिन्याचा खर्च मोजून मिळणार आहे.

लिव्हरपूलमध्ये होप स्ट्रीटच्या एका टोकाला एक कॅथीड्रल आणि दुसऱ्या टोकाला दुसरं. अँग्लिकन कॅथीड्रल 1904 मध्ये सुरू झालं आणि 1978 मध्ये पुरं झालं. त्याचे वास्तुरचनाकार जाइल्स गिल्बर्ट स्कॉट स्वतः कॅथलिक होते, आणि इंग्लंडमधल्या रस्त्यांवरचा तो लाल टेलिफोन बूथही त्यांचाच. कॅथलिकांचं गोल कॅथीड्रल 1967 चं, तंबूसारखं, वर काचेचा मुकुट. दुसऱ्यांच्या प्रार्थनास्थळात जाताना बिल्ला असला की अवघडल्यासारखं होतं. काही होत नाही. आत जा, शांत बस, आणि तिथे कुणाला काही शिकवायला जाऊ नकोस. पुढे गोदीवरही जा. 1840 च्या जूनमध्ये आपल्या चर्चचे पहिले एकेचाळीस स्थलांतरित याच बंदरातून 'ब्रिटानिया' जहाजाने अमेरिकेला निघाले. मागे राहिलेल्यांनी निरोप कसा दिला असेल, हा विचार घरापासून लांब असताना करू नये असं मी म्हणेन, पण तू करशीलच.

पेंडल टेकडी 557 मीटर. डाऊनहॅम गावातून वर जाता येतं. 1612 मध्ये या परिसरातल्या लोकांवर चेटूक केल्याचा खटला चालला आणि दहा जणांना फाशी झाली. त्यानंतर चाळीसच वर्षांनी, 1652 मध्ये, जॉर्ज फॉक्स याच टेकडीवर चढले आणि तिथे त्यांना दर्शन झालं. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या जन्मकथेत ही टेकडी येते. वर वारा असा की टोपी धरावी की स्कर्ट हे ठरवावं लागतं. कुंपणावरचा पिवळा बाण म्हणजे पायी जाणाऱ्यांची सार्वजनिक वाट, खाजगी शेतातूनही तिथे हक्काने चालता येतं. फाटक जसं असेल तसंच सोडायचं, मिटलेलं असेल तर मिटून.

ब्लॅकपूलला समुद्र आहे, पण मिशनरींना पोहायची मनाई. वाळूत उभं राहून टॉवर बघायचा आणि परत यायचं. जून महिन्यातही त्या पाण्याचा रंग पाहून नियमाचा राग येत नाही.

घरच्यांबद्दल थोडक्यात. मी गेले तेव्हा फोन वर्षातून दोनदा, नाताळला आणि मदर्स डेला. 2019 च्या फेब्रुवारीपासून दर आठवड्याला बोलता येतं. चांगलं झालं. पण चार-पाच तासांतला दीड तास फोनमध्ये गेला तर टेकडी होत नाही, आणि हे आईला तू जायच्या आधीच सांगून ठेव. फोटो कमी काढ. लोकांच्या घरातले तर काढूच नकोस. ते आपल्याला विश्वासाने आत घेतात.

आणि एक काम आहे तुझ्याकडे. मँचेस्टरमध्ये डीन्सगेटवर जॉन रायलंड्स ग्रंथालय आहे, 1900 मध्ये उघडलेलं. तिथे योहानाच्या शुभवर्तमानाचा पपायरसचा एक तुकडा जपलेला आहे, दोन्ही बाजूंनी ग्रीकमध्ये लिहिलेला, पिलातासमोरच्या येशूच्या चौकशीच्या ओळी. साधारण दुसऱ्या शतकातला मानतात, आणि आकार तळहाताहूनही लहान. मला तो पाहायचा होता. परवानगी मिळाली होती, सोबतीणही कधी नव्हे ती तयार होती, सोमवार ठरला होता. शनिवारी ट्रान्सफरचा फोन आला आणि तो सोमवार बॅगा भरण्यात गेला. पुन्हा मँचेस्टरला माझी नेमणूक झाली नाही.

तू आधी दिवस आणि वेळा नीट बघ, सोमवारच्या भरवशावर राहू नकोस. मंदिराच्या आठवड्यात पी-डे सरकतो तेव्हा जमेल कदाचित. तुकडा त्या दिवशी मांडलेला आहे का तेही विचार. आणि मला लिही, अक्षरं नुसत्या डोळ्यांनी दिसतात का.

तुझी,
ताई