एक आड एक शनिवार

चिरंजीवास, अनेक आशीर्वाद.

तुझ्या क्रोन्सच्या, म्हणजे आतड्याला सूज आणि व्रण करणाऱ्या आजाराच्या, अडालिमुमॅब सुईबद्दलचा तुझा मेसेज वाचला. ‘सिस्टर, आधी चार सुया होत्या, मग दोन, मग एक. म्हणजे औषध उतरत चाललंय ना? पोट शांत आहे, तर आता तीन आठवड्यांनी घेतली तर चालेल का?’ असं तुला वाटलं यात तुझा दोष नाही. पहिल्या दिवशी सुई कशी धरायची हे शिकवण्यातच आमचा वेळ जातो आणि चार-दोन-एक कशासाठी हे सांगायचं राहून जातं. राहायला नको होतं.

त्याआधी तू प्रेडनिसोलोनच्या, म्हणजे स्टेरॉइडच्या, गोळ्या घेत होतास. त्या दर आठवड्याला कमी करत करत बंद केल्या. तुझ्या डोक्यात तोच हिशोब बसलाय. अडालिमुमॅबचा हिशोब वेगळा. २८ जूनला १६० मिलिग्रॅम, १२ जुलैला ८०, २६ जुलैपासून ४०. रिकामा हौद भरायला आधी जास्त पाणी लागतं, नंतर रोजच्या खर्चापुरतं. रक्तातलं हे औषध साधारण दोन आठवड्यांत निम्म्यावर येतं, म्हणून चौदाव्या दिवशी पुढची सुई. चौदाव्या. एकविसाव्या नव्हे.

आता तुझी वही काढ. २३ ऑगस्टनंतर तू थेट १३ सप्टेंबरला सुई घेतलीस आणि तुला ते कळलंही नाही, कारण तू ‘दुसरा आणि चौथा शनिवार, बँकेच्या सुट्टीसारखा’ असं लक्षात ठेवलं होतंस. जुलैभर ते जुळलं, ऑगस्टमध्येही जुळलं. पण ऑगस्टला पाच शनिवार होते. तुझी तारीख ६ सप्टेंबर होती, अनंत चतुर्दशी. मिरवणुकीत होतास ना? असो. बँकेचे शनिवार विसर. एक आड एक शनिवार, महिना कुठलाही असो. चुकलेली सुई आठवेल तेव्हा घ्यायची, पण पुढची मूळ वेळापत्रकानेच. म्हणजे आता २० सप्टेंबर, मग ४ ऑक्टोबर, मग १८ ऑक्टोबर. त्या दिवशी धनत्रयोदशी आहे, आत्ताच लिहून ठेव. ‘तेराला तर घेतली’ म्हणून सत्तावीसवर ढकलू नकोस. शंका असेल तर डॉक्टरांना फोन कर, मनाने गणित करू नकोस.

एका आठवड्याने काय बिघडतं, असं तू विचारशीलच. औषध म्हणजे प्रथिन आहे, पेशींमध्ये वाढवलेलं. (म्हणूनच गोळी करता येत नाही, पोटात ते पचून जाईल.) रक्तात त्याची पातळी खाली गेली की शरीर त्याला परकं ओळखून त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवायला लागतं. मग सुई वेळेवर घेतली तरी औषध टिकत नाही. शौचाला पुन्हा आठ-दहा वेळा जाणं सुरू होतं आणि डॉक्टरांना सुई दर आठवड्याला करावी लागते किंवा औषधच बदलावं लागतं. क्रोन्ससाठी औषधांची यादी लांब नाही. त्यातलं एक चालतंय, ते आळसाने वाया घालवू नकोस. डॉक्टरांनी सोबत अझाथायोप्रिन ही प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी दिली असेल तर तिचंही एक काम या अँटिबॉडी रोखणं आहे, तीही गोळी चुकवायची नाही.

आणि पोट शांत आहे म्हणजे आतड्यातले व्रण भरले असं नाही. पोट आधी शांत होतं, व्रण मागाहून भरतात. ते पाहायला सूज दाखवणाऱ्या दोन तपासण्या आहेत, शौचातली कॅलप्रोटेक्टिन आणि रक्तातली सीआरपी, आणि पुढे कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने आतडं पाहणं, आहे. औषधाची पातळी तपासायला सांगितली तर रक्त सुई घेण्याच्या आधी द्यायचं. नंतर दिलंस तर तो आकडा काही कामाचा नाही.

पैशांची अडचण असेल तर तसं सरळ बोल. डिसेंबर २०१४ पासून भारतात या औषधाचं बायोसिमिलर, म्हणजे दुसऱ्या कंपनीने बनवलेलं तसंच औषध, मिळतं, आता एकापेक्षा जास्त कंपन्यांचं आहे. डॉक्टरांना विचारून ब्रँड बदलता येतो. बदललास तर खोक्यावरचं नाव आणि बॅच नंबर वहीत लिही. गुपचूप तीन आठवड्यांवर नेणं मात्र सगळ्यात महागात पडतं.

सुई दुखते म्हणतोस. बहुतेकदा ती थंड असते म्हणून. फ्रीजमधून काढून अर्धा तास टेबलावर ठेव. गरम पाण्यात नाही, खिडकीतल्या उन्हात नाही. स्पिरिट पुसल्यावर कातडी पूर्ण सुकू दे, ओल्या स्पिरिटवर टोचलं की चरचरतं. मांडीचा पुढचा भाग किंवा बेंबीपासून दोन इंच लांबची जागा घे, दर वेळी वेगळी, आणि ऑपरेशनच्या व्रणावर कधीच नको. चिमटीत कातडी धरून सुई तिरकी, ४५ अंशांवर घाल, दट्ट्या सावकाश दाब. बाहेर काढल्यावर चोळायचं नाही, कापूस नुसता धरायचा. थेंबभर बाहेर आलं तर घाबरू नकोस. जास्त गळलं तर लगेच दुसरी टोचू नकोस, फोन कर. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायला जाऊ नकोस, जाड प्लास्टिकच्या डब्यात टाक.

हॉस्टेलचा फ्रीज ही मोठी डोकेदुखी. औषधाला २ ते ८ अंश लागतात. एकदारी फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याखालचा ट्रे तुला सोयीचा वाटेल, पण तिथे औषध गोठतं. गोठलं की संपलं, वितळून पुन्हा पाण्यासारखं दिसलं तरी. दारातही नको, दर वेळी गरम हवा लागते. मधल्या फळीवर, मागच्या भिंतीला न टेकवता, खोक्यासकट, कारण त्याला उजेडही चालत नाही. एसटीने गावी जाताना जेलपॅक रुमालात गुंडाळ, औषधाला थेट लागू देऊ नकोस. वरच्या फळीवर न ठेवता मांडीवर ठेव. काही ब्रँड २५ अंशांखाली १४ दिवस टिकतात, पण तुझ्या खोक्यातला कागद तसं म्हणत असेल तरच. आणि तुझ्या खोलीत ऑक्टोबरमध्ये २५ अंश असतात का?

एक गोष्ट मात्र तारखेच्याही वर. ताप असेल, कफाचा खोकला असेल, गुदद्वाराशी ठणकणारी गाठ आली असेल, तर सुई घेण्याआधी फोन. हे औषध प्रतिकारशक्ती दाबतं, पू असताना घातलं तर संसर्ग पसरतो. सुरुवातीला टीबीसाठीची मँटू चाचणी आणि छातीचा एक्स-रे ठीक होते, तरी आपल्याकडे टीबी कधीही गाठतो. संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, उतरणारं वजन, यातलं काहीही दिसलं तर वाट पाहायची नाही. जिवंत विषाणूची लस कुणी टोचायला निघालं, तर आधी औषधाचं नाव सांग.

मी तारखेवरून फार बोलते, पोरं मला ‘कॅलेंडरवाली’ म्हणतात, हे माहीत आहे मला. म्हणू देत. मोबाइलची आठवण तुम्ही झोपेत बंद करता, भिंतीवरचा लाल गोल बंद होत नाही. तो नको असेल तर दुसरा उपाय सुचव, ऐकते मी. पण चौदाचे एकवीस करायचे असतील तर तो उपाय नाही.

२० तारखेला सकाळी सुई झाली की जागेचा आणि खोक्यावरच्या लेबलचा फोटो पाठव. आणि दुपारी नीट जेव.

– सिस्टर