शाळेत चारच संगणक, वर्गात एक दृष्टिहीन मुलगी. सगळ्यांना कोडिंग कसं शिकवावं?

पहिले काही आठवडे संगणक सुरूच करू नका. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातल्या टिम बेल यांच्या 'सीएस अनप्लग्ड' या संगणकाशिवाय संगणकशास्त्र शिकवणाऱ्या खेळांच्या संचातला एक खेळ घ्या: पाच कार्डं, त्यांवर 1, 2, 4, 8 आणि 16 ठिपके. कार्ड उलटं म्हणजे 0, सुलटं म्हणजे 1. पाच मुलं ही कार्डं घेऊन ओळीत उभी राहिली की सुलट्या कार्डांवरच्या ठिपक्यांची बेरीज करून 0 ते 31 पर्यंतची कुठलीही संख्या दाखवता येते. ठिपक्यांच्या जागी टिकल्या किंवा डाळ चिकटवा, म्हणजे तुमची विद्यार्थिनी बोटांनी मोजेल. वेगळं काही नको, सगळ्या वर्गाला तीच कार्डं द्या.

मग संगणकाकडे वळा. तिच्यासाठी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम, टाका. तो मोफत आहे, मराठीही वाचतो. ठोकळे ओढून जोडायची साधनं मात्र अशा मुलांना फार अडचणीची जातात. त्यापेक्षा पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा बरी, कारण ती साधी टाईप करायची असते. पायथन 3 मध्ये चलांची (माहिती साठवायच्या जागांची) नावं देवनागरीत चालतात. 'वय = 12' लिहिलं तरी प्रोग्राम धावतो. इंग्रजीला घाबरणाऱ्या मुलांचा चेहरा तेव्हा बघा!

एका संगणकावर दोघं-तिघं बसवाल, तेव्हा दर दहा मिनिटांनी कीबोर्डवरचा हात बदला, अगदी घड्याळ लावून. नाहीतर ज्याच्या घरी लॅपटॉप आहे तोच चालवतो आणि बाकीचे, बहुतेकदा मुली, नुसत्या बघत बसतात. हे मला फार खटकतं.