निवेदनावर सही करण्याआधी

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नंतर येणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. डिचोली तालुक्यातल्या तुमच्या माहेरच्या वाड्यावरचा एक मुलगा, आता तिशीतला, दारूच्या नशेत शेजाऱ्याच्या मुलावर कोयता चालवल्याची शिक्षा भोगून पुढच्या महिन्यात कोलवाळच्या तुरुंगातून सुटतोय. त्याला वाड्यावर राहू देऊ नये म्हणून पंचायतीला द्यायचं निवेदन फिरतंय. तुमची आई दोन घरं सोडून एकटी राहते, आणि सही करू की नको असं ती विचारतेय. तुरुंगात त्याच्यावर मानसोपचार झाले असं त्याचे घरचे सांगतात. तुमचा शेवटचा प्रश्न जरा रागाचाच होता: हे मानसशास्त्रवाले नक्की कोणाच्या बाजूचे, त्याच्या की आमच्या?

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. नोकरीची बरीचशी वर्षं गुन्हा करून आलेल्या माणसांसमोर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसण्यात गेली. म्हणून शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो.

साध्या दवाखान्यात पेशंट स्वतःहून येतो, फी देतो, आणि डॉक्टर त्याचा असतो. आमच्या कामात माणूस बहुधा कोर्टाने किंवा तुरुंगाने पाठवलेला असतो, आणि खोलीत नसलेली माणसंही त्या खोलीत असतात: ज्याला लागलं तो, त्याची आई, तुमची आई. म्हणून पहिल्याच दिवशी मी सांगून टाकायचो, "तू बोलशील ते माझ्याकडे राहील. पण कोणाला मारायचं तुझ्या मनात असलं, लहान मुलाला त्रास होत असला, किंवा तू स्वतःचं बरंवाईट करणार असलास, तर मी गप्प बसणार नाही. आणि कोर्टाने अहवाल मागितला तर तो द्यावा लागतो." काही जण तिथेच तोंड मिटायचे. मिटू देत. नंतर फसवलं म्हणण्यापेक्षा ते बरं. कायदाही याच बाजूचा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या २३व्या कलमात गुप्ततेचा हक्क दिलाय आणि तिथेच अपवादही लिहिलाय: दुसऱ्याला इजा होऊ नये म्हणून लागेल तेवढीच माहिती सांगता येते. 'लागेल तेवढीच' हे महत्त्वाचं. सरपंचाला अख्खी फाईल वाचून दाखवायची मुभा त्यात नाही.

एक गोंधळ आधी दूर करतो. "त्याच्यावर मानसोपचार झाले" म्हटलं की वाड्यावर दोन अर्थ निघतात, एक तर तो वेडा होता किंवा आता बरा झाला. बहुतेक वेळा दोन्ही चूक. गुन्हा करणाऱ्यांतल्या बहुतेकांना कोर्ट ज्याला मनोविकलता म्हणतं तसं काही नसतं. ज्यांना असतं त्यांच्यासाठी वेगळं कलम आहे (पूर्वी दंड संहितेचं ८४, आता न्याय संहितेचं २२), आणि त्या कलमाखाली सुटलेला माणूसही थेट घरी जातोच असं नाही. तो विषय इथे नको.

मग "सुधारला का?" या प्रश्नाचं काय? मला हा प्रश्न पोलीस, वकील, नातेवाईक सगळ्यांनी विचारलाय, आणि त्याचं सरळ उत्तर मी कधीच देऊ शकलो नाही. समुद्रकिनाऱ्यावर जीवरक्षक लाल झेंडा लावतात. तो झेंडा कोण बुडेल ते सांगत नाही. आज, या जागी, हा प्रवाह असताना आत उतरू नका, एवढंच तो सांगतो, आणि उद्या तो बदलतो. धोक्याचं मूल्यमापन हे असंच काम आहे. एचसीआर-२० नावाची जी पद्धत जगभर वापरतात, तिच्यात वीस मुद्दे असतात: दहा मागच्या आयुष्याचे, पाच आजच्या मनःस्थितीचे, पाच पुढे तो कुठे, कोणासोबत, कशाच्या आधारावर राहणार याचे. दहा मुद्दे आता कोणी बदलू शकत नाही. शेवटचे पाच मात्र अर्धेअधिक तुमच्या वाड्यावर ठरतात, आणि निवेदन लिहिणाऱ्यांच्या हे डोक्यात आलेलं दिसत नाही.

उपचार म्हणजे तिथे नक्की काय करतात, ते एका माणसावरून सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. खाणपट्ट्यातला टिप्पर ट्रकचा ड्रायव्हर. २०१२ ला खाणी थांबल्या, मग सुरू झाल्या, २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या, आणि कर्जाचा ट्रक दारात गंजत पडला. एका शनिवारी त्याने चुलतभावाच्या डोक्यात लोखंडी रॉड घातला. भाऊ वाचला, एका कानाने ऐकू येणं गेलं. विचारलं की एकच उत्तर: "डोकं फिरलं."

माझ्याकडे तेव्हा इंग्रजी कार्यपुस्तकाचा कोणीतरी केलेला अनुवाद होता. त्यात प्रश्न होता, "तुमचे ट्रिगर कोणते?", म्हणजे राग कशाने भडकतो. त्याने घाबरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, बंदूक नव्हती हो माझ्याकडे." ते पुस्तक मी त्या दिवशी बाजूला ठेवलं ते कायमचं. कोरा कागद घेतला आणि म्हटलं, शनिवारी सकाळी उठलास तिथून सांग.

सहा बैठका लागल्या. दुपारी एकला रोजचे पैसे हातात. दीडला तिठ्यावरच्या बारमध्ये, कारण मटक्याची चिठ्ठी घेणारा तिथेच बसतो. मार्चचे दिवस, काजूची ताजी दारू, हुर्राक, आलेली. चारला आकडा हुकला. साडेचारला मेहुण्याचा फोन, ट्रकच्या हप्त्यावरून चार शब्द. पाचला घरी निघाला, आणि मुख्य रस्ता सोडून पायवाटेने, म्हणजे चुलतभावाच्या अंगणातून. तिथे सामायिक माडाचे नारळ पाडून ठेवलेले दिसले. रॉड? तो ट्रकचाच, आठवडाभर पिशवीत होता. इथे मी पेन खाली ठेवलं. "आठवडाभर कशाला होता?" बराच वेळ तो पंख्याकडे बघत बसला. मग म्हणाला, "लागला तर असावा म्हणून."

या एका वाक्यासाठी सहा बैठका गेल्या. 'डोकं फिरलं' म्हणणाऱ्या माणसाने पिशवीत रॉड ठेवून आठवडाभर तयारी केली होती, आणि ते त्याचं त्यालाच पहिल्यांदा दिसलं. पुढचं काम कंटाळवाणं होतं. मजुरी बायकोच्या खात्यात. शनिवारी एकची कदंब बस पकडायची, तिठ्यावर उतरायचं नाही, पुढच्या थांब्यावर उतरून मुख्य रस्त्याने घरी. मेहुण्याशी पैशाचं बोलणं रविवारी सकाळी, बायको समोर असताना. पायवाट बंद. नारळाचा वाद मामलेदाराकडे. प्रत्येक गोष्ट आम्ही खोट्या खोट्या प्रसंगांत घोकून घेतली. मी मेहुणा व्हायचो आणि मनसोक्त शिव्या द्यायचो. हे ऐकून कोणाला उपचार वाटणार नाही. बसच्या वेळापत्रकाला कोण उपचार म्हणतं?

यामागे शास्त्र आहे, आणि ते सरळ रेषेत पुढे गेलेलं नाही. १९७४ साली अमेरिकेत मार्टिन्सन यांनी कैदी सुधारण्याच्या कार्यक्रमांचा आढावा घेऊन इतका निराश निष्कर्ष काढला की 'काहीच चालत नाही' ही म्हणच पडली. १९७९ साली त्यांनी स्वतःच तो बराचसा मागे घेतला. १९९० मध्ये अँड्र्यूज, बोंटा आणि होग यांनी जे सूत्र मांडलं ते आजही आमचा पाया आहे: ज्याचा धोका जास्त त्याच्यावर जास्त मेहनत, गुन्ह्याशी ज्याचा संबंध आहे तेच बदला, आणि त्या माणसाला समजेल अशा भाषेत, अशा पद्धतीने बदला. ऐकायला सोपं वाटतं, पण कमी धोक्याच्या माणसाला धरून धरून कार्यक्रमांत बसवलं तर तो जास्त बिघडू शकतो, कारण त्याला तिथे नवे मित्र मिळतात. भजन, योग, चित्रकला यांना माझा विरोध नाही, मन शांत होतं. पण संगत, दारू, रिकामा वेळ आणि 'त्याने माझा अपमान केला, आता बघतोच' ही विचारांची सवय, यांना हात लावला नाही तर शांत मनानेही कोयता उचलता येतो.

आणि हो, उपचार उलटूही शकतो. इंग्लंड-वेल्सच्या तुरुंगांत लैंगिक गुन्हेगारांसाठी वर्षानुवर्षं चाललेल्या मुख्य कार्यक्रमाची तपासणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. कार्यक्रम केलेल्यांपैकी १० टक्क्यांनी पुन्हा लैंगिक गुन्हा केला, न केलेल्यांपैकी ८ टक्क्यांनी. कार्यक्रम बंद करावा लागला. म्हणून कोणी "कोर्स पूर्ण केलाय" असं प्रमाणपत्र दाखवलं तर मी तारीख वाचतो आणि घडी घालून परत देतो.

आता माझी चूक सांगतो, कारण तुमच्या आईसाठी ती कामाची आहे. एक तरुण होता. वेळेवर यायचा, 'सर, सर' करायचा, लिहायला दिलेलं सगळं लिहून आणायचा. मी चांगला अहवाल दिला. सुटल्यावर तीन महिन्यांत त्याने दारूच्या पैशांवरून आईचा हात मोडला. मी त्याच्याशी तासन् तास बोललो होतो, पण त्याच्या आईला एकदाही फोन केला नव्हता. केला असता तर पहिल्या पाच मिनिटांत कळलं असतं, की आधीच्या फर्लोवरही, म्हणजे तुरुंगातून मिळालेल्या रजेतही, त्याने तिच्यावर हात उगारला होता. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. आई सांगत नाही, लपवते. बायको त्याहून जास्त लपवते.

वाडा स्वतःसाठी घाबरतो, हे साहजिक आहे. पण सुटून आलेल्या माणसाचा पहिला धोका बहुतेकदा त्याच्याच उंबऱ्याच्या आत असतो. तुमच्या वाड्यावर कोणी त्याच्या आईला विचारलंय का, की तो घरी यावा असं तिला वाटतं का? निवेदन घेऊन दारात गेलात तर ती "माझो पूत बरो" एवढंच म्हणणार. एखादी बाई विहिरीवर, एकटी असताना विचारेल तर कदाचित वेगळं ऐकायला मिळेल.

निवेदनाबद्दल. शिक्षा पूर्ण भोगलेल्या माणसाला त्याच्या घरी राहू नको म्हणायचा अधिकार पंचायतीला नाही. कुठेही राहण्याचा हक्क घटनेच्या १९व्या कलमात आहे. कागद गेला तरी उपयोग शून्य, आणि तो येताच त्याला पहिली बातमी मिळेल ती सह्या करणाऱ्यांच्या नावांची. शिवाय हाकलला तर जाणार कुठे? म्हापशात नाहीतर मडगावात भाड्याच्या खोलीत, तुरुंगातल्याच ओळखींच्या आधाराने. तिथे त्याच्यावर लक्ष ठेवायला कोणी नाही, आणि चतुर्थीला तो घरी येणारच. पॅरोलवरच्या माणसाला निदान अटी असतात. शिक्षा संपवून आलेल्यावर दुसऱ्या दिवसापासून बहुतेक वेळा कोणाचीही देखरेख नसते. आपल्या व्यवस्थेतली ही मोठी फट आहे, आणि ती बुजेल तेव्हा बुजेल.

कॅनडात १९९४ पासून एक पद्धत आहे, लोकांना सर्वांत नकोशा वाटणाऱ्या लैंगिक गुन्हेगारांसाठी सुरू झालेली. सुटून आलेल्या एकाभोवती चार-पाच गावकरी. ते त्याला कामाला लावतात, डॉक्टरकडे नेतात, आणि तोंडावर विचारतात, काल संध्याकाळी कुठे होतास? आधार आणि जाब, दोन्ही त्याच माणसांकडून. आपल्याकडे याला संस्था नको. गावाच्या सीमेवरच्या राखणदार देवाला आपण नारळ ठेवतोच, इथे चार जिवंत राखणदार हवेत. त्यात त्याला ज्याची भीड वाटते असा एक कोणीतरी हवा, मामा किंवा जुना मास्तर. आणि बारवाला तर हवाच. उधारी बंद आणि तिसऱ्या ग्लासाआधी मामाला फोन, एवढं जरी बारवाल्याने कबूल केलं तरी माझ्या दहा बैठकांचं काम होईल.

ज्याला कोयता लागला त्या घरी आधी जा. सुटकेची तारीख त्यांना इतरांच्या आधी कळायला हवी. त्यांच्या अंगणातून, त्यांच्या विहिरीवरून तो जाणार नाही हे त्याच्या घरच्यांकडून कबूल करून घ्या. देवळात उभं करून माफीचा कार्यक्रम कृपा करून करू नका. मार खाल्लेल्या मुलाला सगळ्यांसमोर 'माफ केलं' म्हणायला लावणं ही दुसरी मारहाण असते. त्यांना भरपाई मिळालीय का तेही विचारा. नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा, तिथे वकिलाचे पैसे लागत नाहीत.

आणि आईसाठी. नुसता आला म्हणून घाबरायचं नाही. तो दिवसा झोपून रात्री फिरायला लागला, पुन्हा जुन्या टोळक्यात दिसला, कामावर जायचा थांबला, किंवा "त्या घरच्यांना बघून घेतो" असं कोणापाशी बोलला, तर मामाला लगेच कळवायचं. उघड धमकी दिली तर पोलिसांत लेखी तक्रार. शांतता राखण्याचा जामीन मामलेदार घेऊ शकतो, आणि त्यासाठी तारीखवार नोंद लागते. एक वही ठेवायला सांगा. भिंतीवर मोठ्या अक्षरात ११२ लिहून ठेवा. त्याच्या घरच्यांना १४४१६ द्या, टेली-मानसचा नंबर, चोवीस तास फुकट.

बारवाला ओळखीचा आहे का, ते कळवा. नसला तर तिथून सुरुवात कशी करायची ते सांगतो.