रुग्णांसाठी ब्रँड काढायचाय? मग यादीतल्या तेरा वस्तू आधी बाजूला ठेव

प्रश्न : मी टेक्स्टाइल डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या वर्षी मावशीचं स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं. हॉस्पिटलचा गाऊन तिला इतका नकोसा झाला होता, की मी तिच्यासाठी पुढून उघडणारा आणि आतून ड्रेनसाठी, म्हणजे जखमेतला द्रव बाहेर काढून एका फुग्यात जमवणाऱ्या नळीसाठी, खिसा असलेला गाऊन शिवला. ड्यूटीवरच्या सिस्टरांनी तो बघून “हा कुठून घेतलात?” असं विचारलं. तेव्हापासून डोक्यात हेच आहे, की रुग्णांना आराम देणाऱ्या वस्तूंचा स्वतःचा ब्रँड काढायचा. नाव ठरलंय, लोगो झालाय, १४ वस्तूंची यादीही केली आहे. त्यात गाऊन, पकड असलेले मोजे, डोळ्यांवरची पट्टी, इअरप्लग, मधे भोक असलेली गोल उशी, लिप बाम, सुगंधी रुमाल, ‘अँटीमायक्रोबियल’ टी-शर्ट, गिफ्ट बॉक्स वगैरे आहे. आई-बाबा म्हणतात, आधी नोकरी कर. मी लगेच सुरुवात करू, नोकरी करू की एमबीए करू?

उत्तर : सिस्टरांनी विचारलं, हे तू पत्रात सहज लिहून गेलीस, पण मला तेच सगळ्यात मोलाचं वाटलं. ड्यूटीवर असताना कपड्यांचं कौतुक करायला कुणाला सवड नसते. त्यांनी विचारलं, कारण तुझ्या गाऊनमुळे त्यांचं काम हलकं झालं. ड्रेन बघण्यासाठी मावशींना उघडं करावं लागलं नाही. तुझा धंदा उभा राहिला तर तो या प्रश्नावर उभा राहील.

आता सरळ उत्तर देते. लगेच ब्रँड काढू नकोस. एमबीएही आत्ता नको. नोकरी कर, पण कुठेही नाही. त्याबद्दल पुढे लिहिलंय. आणि यादीतली एकच वस्तू हातात ठेव.

का, ते सांगण्यासाठी तुझी यादीच पुन्हा वाचू. ती हॉस्पिटलच्या बाहेर बसून केली आहे हे जाणवतं. गोल उशीचंच बघ. बसायला ती बरी वाटते, म्हणून नातेवाईक हौसेने आणतात. पण दाबामुळे होणाऱ्या जखमांविषयी २०१९ साली जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यांत अशी कड्यासारखी साधनं वापरू नका असं स्पष्ट म्हटलंय. कडेवर दाब एकवटतो आणि मधल्या भागाला रक्त आणखी कमी मिळतं. म्हणजे बेडसोर होऊ नये म्हणून आणलेली उशीच बेडसोरला मदत करू शकते.

लिप बामची गरज खरी आहे. नाकाला ऑक्सिजनची नळी लावली की ओठ आणि नाकपुड्या कोरड्या पडतात. मात्र ऑक्सिजन चालू असताना पेट्रोलियम जेलीसारखी तेलकट मलमं टाळायला सांगतात, कारण आगीचा धोका असतो. पाण्याचा बेस असलेलं जेल सुचवतात. सुगंधी रुमालाचं तर विचारूच नकोस. केमो चालू असलेल्या अनेकांना एरवी आवडणाऱ्या वासानेही मळमळतं.

‘अँटीमायक्रोबियल’ टी-शर्टमध्ये चांदीचे धागे असतील तर गोष्ट आणखी गंभीर होते. अशा धातूच्या धाग्यांमुळे एमआरआय मशीनमध्ये त्वचा भाजल्याच्या नोंदी आहेत. कपड्यात धातू आहे हे बघून कळत नाही, आणि लेबल तर कुणीतरी टोचतं म्हणून आधीच कापून टाकलेलं असतं. धातूची प्रेस बटणं आणि चेनही तिथे चालत नाहीत. तुझ्या गाऊनला कुठली बटणं आहेत ते पत्रात नाही, पण मला ते विचारायचंय.

मोज्यांबद्दल दोन गोष्टी. पकड फक्त तळव्याला असेल तर झोपेत मोजा फिरतो आणि उठताना गुळगुळीत बाजू जमिनीवर येते. म्हणूनच काही हॉस्पिटलांत दोन्ही बाजूंना पकड असलेले मोजे देतात. दुसरं, पायावर सूज असेल तर इलॅस्टिक रुततं, आणि मधुमेहामुळे पायाची संवेदना गेलेल्या माणसाला ते रुतल्याचं कळतही नाही. शिवाय बाथरूमला जाऊन आलेले तेच मोजे पुन्हा पांघरुणात शिरतात. इन्फेक्शन कंट्रोलच्या लोकांना हे कसं वाटेल, तूच विचार कर.

डोळ्यांची पट्टी आणि इअरप्लग मात्र मला मनापासून पटले. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वॉर्डात रात्रीचा आवाज सरासरी ३० डेसिबलपर्यंत असावा आणि मधेच होणारा मोठा आवाजही ४०च्या वर जाऊ नये. ज्याने वॉर्डात एक रात्र काढली आहे त्याला हे वाचून हसू येईल. पण पट्टीचं इलॅस्टिक जिथून जातं, तिथूनच, कानामागून, ऑक्सिजनची नळीही जाते. कुशीवर झोपलं की दोन्ही मिळून टोचतात. तेव्हा साधी वस्तूसुद्धा पलंगावर झोपलेल्या माणसावर घालून बघावी लागते.

आणि खरी मेख इथेच आहे. कॉलेजात पॅटर्न उभ्या डमीवर शिकवतात. तुझा ग्राहक उभा नसतो. तो पाठ टेकून, अर्धवट बसलेल्या स्थितीत तासन् तास असतो आणि हळूहळू पलंगाच्या पायथ्याकडे घसरत असतो. त्यामुळे पाठीमागचं कापड गोळा होतं, गळा वर चढतो, मागची शिवण माकडहाडाखाली येते. उभं राहून सुंदर दिसणारा गाऊन तिथे सुरकुत्यांचा गठ्ठा होतो. मैत्रिणीला गाऊन घालून पलंगावर दोन तास तसं झोपायला सांग. मग तिच्या पाठीवर उठलेले वळ बघ. सेमिस्टरभराचं शिक्षण होईल.

म्हणून म्हणते, ड्रेनचा गाऊन धर. एकच वस्तू, पण ती पूर्ण माहीत असलेली. या ऑपरेशननंतर अनेक बायकांना ड्रेन लावलेल्या अवस्थेतच घरी सोडतात. हात खांद्याच्या वर जात नाही, म्हणून डोक्यातून घालायचं काहीच चालत नाही. बंद एका हाताने लावता-काढता यायला हवेत. ड्रेनचा फुगा जखमेच्या खाली राहायला हवा, म्हणजे खिशाची उंची तुझ्या सौंदर्यदृष्टीने ठरणार नाही. नळीला ताण बसता कामा नये आणि पीळही पडता कामा नये. रोज किती मिलिलिटर द्रव जमला याची नोंद ठेवायची असते, तेव्हा खिसा असा हवा की फुगा चटकन बाहेर काढून मोजता येईल. काहींना एक ड्रेन असतो, काहींना दोन. एवढं सगळं एका खिशात आहे. चौदा वस्तूंमध्ये तू याच्या आसपासही पोहोचणार नाहीस.

न्यूयॉर्कच्या केअर+वेअर या कंपनीची सुरुवातही अशीच छोट्या वस्तूने झाली. दंडातून घातलेली पीआयसीसी लाइन, म्हणजे औषधं देण्यासाठी शिरेत बरेच दिवस ठेवलेली नळी, झाकायचं आवरण, बस्. कारण तोवर लोक कापलेला मोजा दंडावर चढवून काम भागवत होते. गाऊन नंतर आला. उलट बाजूचं उदाहरण म्हणजे क्लीव्हलँड क्लिनिक. त्यांनी २०१०च्या सुमारास डिझायनर डायान फॉन फर्स्टेनबर्गकडून गाऊन करून घेतला. तिथे हॉस्पिटल स्वतःच मागे उभं होतं. तुझ्यामागे हॉस्पिटल नाही, तेव्हा पहिला रस्ता तुझा.

ड्रेनचा गाऊन निवडण्यामागे आणखी एक हिशेब आहे. हॉस्पिटलला कपडे विकणं आणि कुटुंबाला विकणं हे दोन वेगळे धंदे आहेत. हॉस्पिटलचे कपडे सामायिक असतात आणि लाँड्रीत ते अक्षरशः उकडून निघतात. ब्रिटनच्या नियमांत ६५ अंश सेल्सिअसला १० मिनिटं किंवा ७१ अंशांना ३ मिनिटं असं प्रमाण आहे. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेची शिफारस ७१ अंशांना २५ मिनिटांची आहे. त्यावर मोठे ड्रायर. तुझं नाजूक इलॅस्टिक, प्रिंट आणि प्लास्टिकची बटणं यात किती दिवस टिकतील? शिवाय खरेदी विभाग, दरपत्रकं, चाचण्यांचे अहवाल, महिनोन् महिने थकलेली बिलं. घरी नेऊन घरीच धुवायचा गाऊन या सगळ्याच्या बाहेर राहतो. तरी पन्नास वेळा धुऊन बघच, तेही गरम पाण्यात.

मग इथे ग्राहक कोण? वापरते रुग्ण, पैसे देतो मुलगा किंवा बहीण, आणि “हे घ्या, उपयोगी पडेल” असं म्हणते सिस्टर. भेट देणाऱ्याला खोका छान दिसायला हवा असतो. रुग्णाला त्यातली एखादी वस्तू हवी असते आणि बाकीच्या टेबलावर धूळ खातात. गिफ्ट बॉक्स खपतात हे मला माहीत आहे, पण त्यातून तुला काहीच शिकायला मिळत नाही, कारण विकत घेणारा ते कधी वापरतच नाही.

ब्रँडबद्दल कॉलेजात सांगतात, ग्राहक पुन्हा पुन्हा आला पाहिजे. तुझ्या धंद्यात ग्राहक पुन्हा आला नाही तर ते चांगलं लक्षण. तो परत यावा अशी इच्छाच धरता येत नाही. त्यामुळे सवलतीची कुपनं, मासिक सदस्यत्व, “बरेच दिवसांत आला नाहीत” असले मेसेज, सगळं बाद. विशेषतः आपोआप जाणारे ईमेल. “आमचा गाऊन कसा वाटला? तुमच्या रुग्णाची तब्येत कशी आहे?” हा ईमेल ज्या घरी जाईल, त्या घरात तो रुग्ण उरलेला नसेल तर? अशी घरं असणारच. अशा वेळी न वापरलेला माल परत घ्यायचा की नाही, आणि फोनवर कोण काय बोलणार, हे लोगोच्या रंगाआधी ठरवायला हवं. तुझी वाढ एकीकडून दुसरीकडे सांगण्यातूनच होणार, आणि सांगणारी बहुतेक वेळा सिस्टर असेल.

फोटोंचंही तसंच. सलाइन लावलेला माणूस “हो, काढा” म्हणाला तरी त्या होकाराला फार अर्थ नाही. घरी जाऊन बरं वाटल्यावर विचार. आणि कृपा करून जाहिरातीत ‘योद्धा’ आणि ‘झुंज’ नको. ज्याला आज फक्त नीट झोप हवी आहे, त्याच्यावर झुंजायचीही जबाबदारी कशाला?

एक गोष्ट थोडक्यात, पण विसरू नकोस. पाकिटावर तू जे लिहितेस त्यावरून कायदा तुझी वस्तू ओळखतो. ‘पुढून उघडणारा, ड्रेनच्या खिशाचा गाऊन’ हा साधारणपणे कपडा. ‘इन्फेक्शन कमी करतो’, ‘जखम लवकर भरते’ असं लिहिलंस की बहुतेक देशांत तो वैद्यकीय उपकरणाच्या नियमांत जाऊ शकतो, कारण उत्पादकाने सांगितलेला उपयोग काय, हेच तिथे आधी बघतात. मग चाचण्या, नोंदणी, आयएसओ १३४८५सारख्या, वैद्यकीय उपकरणांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे गुणवत्ता व्यवस्था. ते वाईट नाही, पण पहिल्या वर्षी तुला झेपणार नाही.

आता नोकरी. कॉम्प्रेशन गारमेंट (सूज कमी करायला अंगावर दाब देणारे घट्ट कपडे), बेल्ट, ऑर्थोपेडिक सपोर्ट किंवा ऑपरेशननंतरचे कपडे बनवणाऱ्या कंपनीत शिर. डिझाइनचं पद मिळालं तर उत्तमच, पण क्वालिटी किंवा तक्रार विभाग मिळाला तरी घे. माझ्या मते तक्रारीच शिकवतील. कुठली शिवण उसवते, कुठलं माप परत येतं, कुठल्या कापडाने पुरळ उठतं, हे तिथल्या फायलींत लिहिलेलं असतं. कुठल्याही अभ्यासक्रमात नाही. दुसरा पर्याय हॉस्पिटलला कपडे आणि लाँड्री पुरवणाऱ्या कंपनीचा. फॅशन ब्रँडची नोकरी पगाराला बरी असेल, पण या कामासाठी तिचा फारसा उपयोग नाही.

नोकरी चालू असतानाच हॉस्पिटलची रीतसर परवानगी काढून, सर्जन आणि सिस्टरांच्या संमतीने दहा गाऊन दे. पैसे घेऊ नकोस. चार दिवसांनी “आवडला का?” असं विचारू नकोस; मावशीच्या वयाची बाई तुझं मन राखायला हो म्हणेल. “कधी काढून ठेवला? का?” असं विचार. सिस्टरांनाही विचार, आणि त्यांनी नाक मुरडलं तर वाद न घालता लिहून घे. दहापैकी सात-आठ जणींनी ड्रेन निघेपर्यंत तो वापरला, तर पुढचे पन्नास शिव आणि विकत दे. तीन-चार जणींनीच वापरला तर खिसा पुन्हा काप.

आई-बाबांना हे पत्र दाखव. ते नोकरीचं म्हणतात त्यात चूक नाही; फक्त ती नोकरी याच कामाची तयारी आहे हे त्यांना कळू दे. दोन वर्षांची मुदत माग आणि पगारातून बाजूला टाकायची रक्कम आत्ताच ठरव, म्हणजे पुढे त्यांच्याकडे हात पसरायला नको. एमबीएचा विचार तेव्हा कर, जेव्हा एखादं हॉस्पिटल मोठी ऑर्डर देईल आणि पैसे चार महिन्यांनी देऊ म्हणेल. तोवर हिशेबाचा एखादा छोटा कोर्स पुरेसा आहे.