नकाशा गुणसूत्राचा, ठावठिकाणा जनुकाचा

कारेलीबागेतल्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांचा मुलगा इथेच वडोदऱ्यात एम.एस्सी. करतो. आपण काय शिकतो ते आजीला कळावं म्हणून त्याने पानभर मराठी टिपण लिहिलं. त्यात एक वाक्य आहे : 'शास्त्रज्ञांनी जनुकाचा नकाशा तयार करून जनुकाचा शोध लावला.' आजी तिथेच थांबल्या. नकाशा जमिनीचा असतो, जनुकाचा कसा असेल? ताईंनी त्याला आपल्या दोन शंका जोडल्या आहेत. 'मॅपिंग' आणि 'आयडेंटिफिकेशन' या दोन्हींसाठी 'शोध लावणे' चालेल का? आणि मुलाच्या गुजराती पाठ्यपुस्तकात 'क्रोमोसोम'ला 'रंगसूत्र' होतं, तर मराठीत 'गुणसूत्र'च लिहायचं का?

आजींनी अगदी नेमक्या जागी बोट ठेवलं आहे. गुणसूत्र म्हणजे पेशीतला धाग्यासारखा भाग, आणि जनुक म्हणजे त्यावरचा, एखादा गुण ठरवणारा छोटा तुकडा. इथे नकाशा जनुकाचा नसतो, गुणसूत्राचा असतो. जनुकाचा असतो तो त्या नकाशावरचा ठिकाणा. आपण गावाचा नकाशा म्हणतो आणि त्यात घर कुठे ते दाखवतो. 'घराचा नकाशा' म्हटलं की खोल्या, दारं, जिना डोळ्यांपुढे येतो, ती वेगळीच गोष्ट झाली. 'जनुकांचा नकाशा' असं अनेकवचन केलं तर निभावतं, कारण मग तो वस्तीचा नकाशा होतो. एकवचनात मात्र घोटाळा होतो.

'नकाशा' हा शब्द मात्र मुळीच सोडू नका. तो अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला आणि ज्या 'नक्श'पासून तो आला त्याच घरातली आपली 'नक्षी'. हे नातं गुणसूत्राच्या बाबतीत डोळ्यांनी दिसतं. माझी मावसबहीण पूर्वी प्रयोगशाळेत हे काम करायची. रक्तातल्या पेशी तीन दिवस वाढवायच्या, विभाजनाच्या ऐन मध्यात त्यांना थांबवायचं, काचपट्टीवर घेऊन गिम्सा नावाचा रंग द्यायचा. मग प्रत्येक गुणसूत्रावर गडद-फिके आडवे पट्टे उठतात. तिच्या टेबलावर सूक्ष्मदर्शकातून काढलेला फोटो, बारीक कात्री आणि गोंदाची बाटली असायची. ४६ तुकडे कापायचे, २३ जोड्या लावायच्या, पुठ्ठ्यावर चिकटवायच्या. सगळी सारखीच तर दिसतात, जोडी कशी ओळखतेस, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "अगं, काठ बघायचा. लुगडी घडी घालून ठेवली तरी काठावरून कळतात ना कुठलं कुठलं ते?"

या नक्षीवरूनच पुढे नकाशा झाला. पट्ट्यांना क्रमांक देण्याची रीत १९७१ साली पॅरिसच्या परिषदेत ठरली. गुणसूत्राला मध्ये कुठेतरी एक आवळलेली जागा असते. तिच्या एका बाजूची भुजा आखूड, तिला 'पी' म्हणतात, फ्रेंचमधल्या 'पेती' म्हणजे लहान या शब्दावरून. दुसरी लांब, तिला वर्णमालेतलं पुढचं अक्षर 'क्यू'. मोजणी आवळलेल्या जागेपासून बाहेर जाते. आपण जुन्या शहरात मांडवीपासून पाणीगेटकडे किंवा मांडवीपासून लहेरीपुऱ्याकडे असा पत्ता सांगतो, तसंच हे. ए, बी, ओ रक्तगट ठरवणाऱ्या जनुकाचा पत्ता '९ क्यू ३४' असा लिहितात. तो 'चौतीस' असा वाचू नये, 'तीन चार' वाचावा : नववं गुणसूत्र, लांब भुजा, तिसरा विभाग, चौथा पट्टा.

नकाशाची याहून जुनी एक जात आहे, आणि मला ती फार आवडते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आनुवंशिकीचे अभ्यासक मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत स्टर्टेव्हंट नावाचा विद्यार्थी होता. फळमाशीच्या एका गुणसूत्रावरच्या जनुकांचा क्रम त्याने लावला आणि १९१३ साली छापला. त्याने पट्टे पाहिलेच नव्हते. दोन गुण आईबापांकडून पिल्लांकडे जोडीनं किती वेळा जातात आणि किती वेळा त्यांची फाटाफूट होते, एवढंच मोजलं. क्वचित फाटाफूट होते ती जनुकं जवळजवळची, वारंवार होते ती लांबलांबची. शंभरातून एकदा फाटाफूट होत असेल तर अंतर एक सेंटिमॉर्गन. आपण 'हाकेच्या अंतरावर' म्हणतो, तेव्हा फुटांत मोजत नाही, आवाज पोचतो की नाही त्यावरून मोजतो. हे अंतरही तसं घडणाऱ्या गोष्टीवरून मोजलेलं आहे. म्हणून दोन्ही नकाशांत जनुकांचा क्रम एकच राहतो, पण मधली अंतरं जुळतीलच असं नाही.

माणसाच्या बाबतीत लिंगगुणसूत्रं सोडून बाकीच्यांपैकी एखाद्यावर जनुकाचं ठिकाण पहिल्यांदा सांगता आलं ते १९६८ साली. डोनाह्यू या संशोधकाला स्वतःच्याच पेशींत पहिल्या क्रमांकाचं एक गुणसूत्र जरा सैल, लांबट दिसलं. ही खूण घरात कोणाकोणाकडे आली आहे ते त्याने तपासलं. ती डफी नावाच्या रक्तगटाबरोबर फिरत होती, म्हणजे त्या रक्तगटाचं जनुक पहिल्या गुणसूत्रावर. ठिकाण दाखवणाऱ्या अशा खुणेला इंग्रजीत 'मार्कर' म्हणतात, त्याला म्हणूनच मराठीत 'खूण' म्हणावं. जमिनीच्या मोजणीत आपण खुणेचा दगड म्हणतोच.

आता 'शोध'. आपल्याकडे शोध घेतात, शोध लावतात आणि शोध लागतोही. वाफेच्या इंजिनाचा लावतात आणि हरवलेल्या पोराचा लागतो. इतका पसरट शब्द इथे नको, कारण मधल्या दोन पायऱ्या त्यात बुजून जातात. हंटिंग्टनच्या आजाराचं, म्हणजे मेंदूच्या एका आनुवंशिक आजाराचं, उदाहरण घ्या. व्हेनेझुएलात माराकाइबो सरोवराच्या काठी हा आजार पिढ्यान्‌पिढ्या असलेली मोठी कुटुंबं आहेत. त्यांच्या रक्ताच्या नमुन्यांची मोठी मदत होऊन १९८३ साली कळलं, की आजाराचं जनुक चौथ्या गुणसूत्रावर एका विशिष्ट खुणेच्या जवळपास आहे. याला आपली भाषा म्हणते 'ठावठिकाणा लागला'. पण ते जनुक नेमकं कोणतं, हे कळायला १९९३ साल उजाडलं. गल्ली सापडली होती, घर सापडायला दहा वर्षं गेली. त्या जनुकात डीएनएच्या लिपीतली 'सीएजी' ही तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. निरोगी माणसात ती जास्तीत जास्त पस्तीस वेळा येतात आणि चाळीस किंवा अधिक वेळा आली की आजार होतो. रोग्यांत वाढ आहे, निरोग्यांत नाही, हे ताडून पाहिलं तेव्हा 'ओळख पटली'. 'पटणे' म्हणजे जुळणे, आणि इथे तेच झालं. म्हणून 'मॅपिंग'ला 'ठिकाण लावणे' किंवा 'ठावठिकाणा लावणे', 'आयडेंटिफिकेशन'ला 'ओळख पटवणे'. अगदी शास्त्रीय लेखनात 'स्थाननिश्चिती' आणि 'ओळखनिश्चिती' लिहिलंत तरी चालेल, पण आजींसाठी नको.

'रंगसूत्र' चूक नाही. वाल्डायर या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८८ साली 'क्रोमोसोम' हा शब्द केला, तो ग्रीक 'रंग' आणि 'देह' यांवरून, कारण ते रंग चटकन पितात. गुजरातीने ते कसं दिसतं ते धरलं, मराठीने ते काय वाहून नेतं ते धरलं. सयाजीराव महाराजांनी राज्यकारभारातल्या शब्दांचा आठ भाषांतला कोश करवून घेतला, तो १९३१ साली निघाला. एका शब्दापुढे शेजारभाषांचे शब्द मांडून पाहण्याची सवय या शहराला तेव्हापासूनची आहे. मराठी टिपणात 'गुणसूत्र' ठेवा, आणि मुलाने गुजराती मित्राला सांगताना 'रंगसूत्र' म्हणावं. 'जीन'ऐवजी 'जनुक' लिहिलं आहे तेही बरोबर, मराठीत जीन घोड्याच्या पाठीवर आधीपासून आहे.

तेव्हा ताई, टिपणातलं ते वाक्य असं करायला सांगा : 'शास्त्रज्ञांनी माणसाच्या गुणसूत्राचा नकाशा काढला, त्यावर जनुकाचा ठावठिकाणा लावला आणि मग त्या जनुकाची ओळख पटवली.' आजींना ते एकदा मोठ्याने वाचून दाखवा, आणि कुठे अडल्या तर मला कळवा.