स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधामुळे एलपी-पीएलए२ हे रक्तवाहिन्यांच्या दाहाशी जोडलेलं एन्झाइम कमी होतं, म्हणजे ते औषध या एन्झाइमवरच काम करतं का?

थेट नाही. स्टॅटिन यकृतातलं एचएमजी-कोए रिडक्टेज, म्हणजे कोलेस्टेरॉल बनवायला लागणारं एन्झाइम, अडवतं. यकृताला कोलेस्टेरॉल कमी पडलं की त्याच्या पेशी पृष्ठभागावर एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण) पकडणारे रिसेप्टर वाढवतात आणि रक्तातले एलडीएल कण आत ओढून घेतात. एलपी-पीएलए२ बहुतांशी याच कणांवर बसलेलं असतं. कण गेले की त्यांच्यासोबत तेही जातं. म्हणून रिपोर्टमधला आकडा खाली आला तर ती बरीचशी एलडीएल उतरल्याचीच खूण समजा.

फायब्रेट या रक्तातली चरबी उतरवणाऱ्या दुसऱ्या औषधांचं वेगळं आहे. ती पेशीतलं पीपीएआर-अल्फा हे रिसेप्टर जागं करतात, त्यामुळे ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) फोडणारं लायपोप्रोटीन लायपेज हे एन्झाइम वाढतं आणि त्याला रोखणारं एपोसी-३ हे प्रथिन घटतं. ट्रायग्लिसराइड झपाट्याने उतरतात ते यामुळे.

मग थेट एलपी-पीएलए२लाच अडवलं तर? तेही करून पाहिलंय. डॅराप्लॅडिब हे औषध नेमकं त्यासाठीच होतं, पण २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत मुख्य निकषावर फायदा दिसला नाही. मला तरी हे फार महत्त्वाचं वाटतं. एन्झाइमचा आकडा खाली आला म्हणजे हृदयविकाराचा धोकाही तितकाच घटला, असं धरून चालू नका, आणि त्या आकड्याकडे बघून स्वतःहून गोळी तर अजिबात बंद करू नका. डॉक्टरांशी बोलताना आधी एलडीएल किती उतरलं ते विचारा.